रात्री दहानंतरचा डबा

"दिवसभर सगळं नीट पाळते हो, पण रात्री दहा वाजले की माझा ताबाच सुटतो. मनाचा निग्रह म्हणून नाहीच मला." वजन कमी करायचंय म्हणून येणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता निग्रहाबद्दल मी विचारतच नाही. दुपारी काय जेवलात, ते विचारते.

या बाई बेचाळिशीच्या, हिशेबाच्या कामात मुरलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) थायरॉईड, साखर तपासून झालं होतं. कॅलरी ॲपमध्ये भरणंही चालू होतं. मी एक साधी वही करायला सांगितली: किती वाजता खाल्लं, कुठे, आणि त्याआधी काय चाललं होतं.

आठवड्याने वही आली. सकाळी चहा. दुपारच्या रकान्यात पाच दिवस एकच शेरा, 'वेळ नाही'. संध्याकाळी एक सफरचंद. आणि रात्री: 'फ्रिजसमोर उभी. दिवा लावला नाही, मुलं उठतील. डब्यातूनच खाल्लं.'

वही त्यांनाच वाचायला दिली. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दुपारची उधारी मी रात्री फेडतेय. व्याजासकट."

१९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसरात्र खाण्याचेच विचार. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना. निग्रही माणसंच होती ती.

आम्ही ठरवलं: दुपारी पोटभर जेवायचं, पाचला पोटाला आधार होईल असं काहीतरी. रात्री वाटलं तर जरूर खायचं, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून. हा दिवाच त्यांना सगळ्यात जड गेला.

पंधरा दिवसांनी त्या चिडूनच आल्या. वजन पाऊण किलोने वाढलं होतं. इथे चूक माझी. उपाशी शरीर पुन्हा साखर साठवू लागतं तेव्हा तिच्याबरोबर जवळपास तिप्पट पाणीही धरून ठेवतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. काटा रोजचा बंद केला, आठवड्यातून एकदा ठेवला.

सात महिन्यांत साडेचार किलो उतरले. त्यांना बारा हवे होते, त्यामुळे खूश होत्या असं म्हणवत नाही. दुपारची डोकेदुखी मात्र गेली.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन महिने तसंच चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, परवा स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मुलगी उठून आली. "मी डबा लपवला नाही. तिलाही ताटली दिली."