सुरुंगरोधक गाडी जवानांना खरंच वाचवते का, आणि तिला रणगाड्यासारख्या पट्ट्यांऐवजी चाकं का असतात?

तुमचा धाकटा भाऊ सीआरपीएफमध्ये आहे आणि त्याची बदली बस्तरकडे झाली आहे, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्र-वाहन दुरुस्ती विभागात, व्हेइकल मेकॅनिक होतो. काश्मीर खोऱ्यात असताना कॅस्पिर नावाच्या सुरुंगरोधक गाड्यांची देखभाल आमच्या एलएडीकडे, म्हणजे दुरुस्तीच्या छोट्या तुकडीकडे होती, त्यामुळे त्या गाडीचं पोट मी खाली झोपून बघितलंय. थोडक्यात सांगायचं तर हो, ती वाचवते, पण ठरावीक वजनाच्या स्फोटापर्यंतच. आणि चाकं हा त्या वाचवण्याचाच भाग आहे. आता नीट सांगतो.

ही गाडी जन्मली आफ्रिकेच्या दक्षिण भागात. १९७०च्या दशकात ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध लढणारे गनिम कच्च्या रस्त्यांत रणगाडाविरोधी सुरुंग पेरायचे. लँड रोव्हर त्यावर गेली की खेळ खलास. सुरुवातीचे उपाय जुगाडाचेच होते: टायरांत पाणी भरायचं, फरशीवर वाळूची पोती टाकायची. मग अर्न्स्ट कोन्शेल नावाच्या माणसाने फोक्सवॅगनचे सुटे भाग वापरून 'लेपर्ड' नावाची गाडी बनवली. चाकं पुढे आणि मागे लांब, मधे माणसं बसायची पेटी, आणि पेटीचा तळ होडीसारखा निमुळता. त्यांचीच 'पूकी' तर आणखी हुशारीची. रेसिंग गाड्यांचे रुंद टायर लावलेली ती हलकी गाडी सुरुंगावरून गेली तरी जमिनीवर पुरेसा दाब पडायचा नाही, आणि खाली बसवलेलं यंत्र सुरुंग शोधत पुढे जायचं. यंत्राच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला असं काही वाचलं की हात जोडावेसे वाटतात.

दक्षिण आफ्रिकेने हे सगळं बघितलं. नामिबियाच्या उत्तर सीमेवर त्यांचंही युद्ध चालू होतं. आधी युनिमॉग ट्रकच्या चेसिसवर 'बफेल' आली, आणि दशक संपता संपता कॅस्पिर. तिथल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने पोलिसांसाठी ती घडवली आणि त्यात डॉ. व्हर्नन जॉइंट यांचं नाव पुढे होतं. साधारण ११ टन वजन, चार चाकं, चारही चाकांना ड्राइव्ह, पुढे मर्सिडीजचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन माणसं पुढे आणि मागे दहा-बारा जवान.

आता खरी गोष्ट. लोकांना वाटतं की जाड पत्रा लावला की झालं. जाडीने गोळी अडते. सुरुंगाचं गणित वेगळं आहे. जमिनीत पुरलेला सुरुंग फुटतो तेव्हा तापलेला वायू, माती आणि खडी एका झोतात सरळ वर येते. वर सपाट तळ असेल तर तो झोत तिथेच कोंडतो, आपटून पुन्हा आपटतो आणि अख्खी ताकद फरशी वर उचलण्यात जाते. फरशी फाटली नाही तरी ती इतक्या वेगाने वर येते की आतल्या माणसाच्या टाचा, नडग्या आणि मणके तुटतात. तळ व्ही आकाराचा केला की झोत दोन्ही बाजूंना निसटतो. त्यात तळ जमिनीपासून जितका उंच तितका चांगला, कारण स्फोटाचा जोर अंतरासोबत झपाट्याने कमी होतो. आणि गाडीचं स्वतःचं वजन तिला हवेत फेकलं जाण्यापासून धरून ठेवतं. आकार, उंची आणि वजन, सगळा भरवसा या तिघांवर.

कॅस्पिरमधली माझ्या मते सगळ्यात मोठी अक्कल म्हणजे तिला ट्रकसारखी वेगळी चेसिसच नाही. पोलादी पेटारा हाच तिचा सांगाडा. दोन्ही अ‍ॅक्सल त्या पेटाऱ्याच्या बाहेर लावलेले. चाक सुरुंगावर गेलं की स्फोट होतो चाकाखाली, म्हणजे माणसांपासून लांब. टायर, हब, प्रसंगी अख्खा अ‍ॅक्सल उडून जातो आणि त्यासोबत स्फोटाची बरीच ताकदही. जायचं ते चाक जातं, पेटारा राहतो. पट्ट्याच्या गाडीत हे असं सहज होत नाही: पट्टा आणि त्याची रोलर थेट पोटाला खेटून असतात, पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बसते, आणि तो पुन्हा चढवणं म्हणजे उघड्यावर मेहनतीचं काम. शिवाय चाकं डांबरी रस्ता फोडत नाहीत, डिझेल कमी पितात आणि गाडी ताशी ८०-९० किलोमीटरने पळते. रोज रस्त्यावर गस्त घालायची असेल तर हे सगळं मोलाचं. चिखलात आणि मऊ शेतात मात्र पट्टाच जिंकतो, आणि इतकी उंच गाडी तिरप्या उतारावर कलंडू शकते हेही खरं.

आमच्याकडे एकदा आयईडीवर, म्हणजे हाताने बनवलेल्या बॉम्बवर, गेलेली कॅस्पिर रिकव्हरीच्या गाडीने ओढून आणली होती. पुढचं डावं चाक हबसकट गायब, अ‍ॅक्सल वाकून मागे गेलेला, बॉनेट उघडून वर दुमडलेलं. खाली सरकलो तर तळाच्या तिरक्या पत्र्यावर मातीचा काळा पट्टा, खड्यांचे टिपके, एका ठिकाणी पोचा. वेल्ड मी बोटाने चाचपत गेलो, कुठेच सुटलं नव्हतं. आतले सगळे जिवंत होते. ड्रायव्हरच्या कानांत बरेच दिवस आवाज येत राहिला. आणि एका जवानाची मांडी फुटली होती, ती बाहेरच्या कशानेही नाही. सीटखाली न बांधता ठेवलेला जॅक आत उडाला होता. त्यानंतर आमच्या सुभेदारसाहेबांनी गाडी निघण्याआधी आत काय मोकळं पडलंय ते स्वतः बघायला सुरुवात केली.

कॅस्पिरबद्दल लिहायचं आणि तिचा वापर कोणी कसा केला हे गाळायचं, हे मला जमणार नाही. नामिबियात 'कुफूट' या पोलीस तुकडीने ती वापरली. माग काढणारे लोक पायी पुढे पळायचे आणि मागून कॅस्पिर झाडोरा तुडवत यायच्या. मारलेल्यांचे मृतदेह गाडीच्या मडगार्डला बांधून गावागावांतून फिरवल्याच्या नोंदी आहेत. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध काळ्या वस्त्या पेटल्या तेव्हा याच गाड्या त्या गल्ल्यांत घुसल्या. तिथे सुरुंग नव्हते, दगड मारणारी पोरं होती. तिथल्या एका पिढीच्या मनात या गाडीचं नाव म्हणजे दहशत. राल्फ झिमन या कलाकाराने पुढे अख्ख्या कॅस्पिरवर रंगीत मण्यांचं पारंपरिक नक्षीकाम करून घेतलं, ते याच आठवणीपोटी.

आणि तरी तीच गाडी युद्धानंतर सुरुंग काढायच्या कामाला लागली. जॉइंट यांच्याच 'मेकेम' या संस्थेने मोझांबिकमध्ये वापरलेली पद्धत बघा. कॅस्पिर रस्त्यावरून हळूहळू जाते आणि जमिनीलगतची हवा फिल्टरमधून ओढून घेते. प्रत्येक टप्प्याचा फिल्टर वेगळा, नंबर टाकलेला. मग ते फिल्टर तळावर नेऊन शिकवलेल्या कुत्र्यांना हुंगवतात. ज्यावर कुत्रा थांबला तो रस्त्याचा टप्पा संशयित, बाकीचा मोकळा. माणूस आणि कुत्रा दोघेही सुरुंगाच्या जवळ न जाता किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते तपासले जातात.

इराकमध्ये बॉम्बनी सैनिक मरायला लागल्यावर अमेरिकेनेही हाच धडा गिरवला. २००७मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 'एमरॅप' या सुरुंगरोधक गाड्यांना सगळ्यांच्या वर प्राधान्य दिलं, आणि त्या व्ही आकाराच्या तळामागे दक्षिण आफ्रिकेचंच ज्ञान होतं. अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांवर त्या जड गाड्या उलटायला लागल्या, तेव्हा २००९मध्ये हलकी आवृत्ती काढावी लागली.

आता तुमच्या भावाच्या कामाचं. भारताने १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅस्पिर विकत घेतल्या आणि पुढे मेडकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत 'आदित्य' ही आपली सुरुंगरोधक गाडी बनू लागली. या जातीची गाडी किती स्फोट सोसेल याचा अंदाज असा धरतात: पोटाखाली १४ किलो टीएनटी हे स्फोटक, चाकाखाली २१ किलो, म्हणजे एकावर एक रचलेले तीन रणगाडाविरोधी सुरुंग. कारखान्यात बनलेल्या सुरुंगासमोर हे भक्कम आहे. पण माओवाद्यांना कारखान्याच्या सुरुंगाची गरज नव्हती. मोरीखाली किंवा रस्त्याच्या कडेने आडवं भुयार काढून ते ४०-५० किलो आणि त्याहून जास्त स्फोटक ठासायचे आणि लांबून वायरीने उडवायचे. सप्टेंबर २००५मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात त्यांनी सुरुंगरोधक गाडीच उडवली, वीसहून जास्त जवान गेले. एवढ्या स्फोटात तळ शाबूत राहिला तरी ११ टनांची गाडी हवेत जाऊन आपटते, आणि आतली माणसं त्या आपटण्याने मरतात.

म्हणून सुरक्षा दलांनी जंगल भागात गाडी शक्यतो टाळायची, पायी किंवा मोटारसायकलने, रोज वाट बदलून जायचं, हा नियम केला. तो मोडला की काय होतं ते आपण महाराष्ट्रदिनीच बघितलं. १ मे २०१९ला गडचिरोलीत दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली, तिकडे निघालेले जलद प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस आणि चालक जांभुळखेड्याजवळ स्फोटात गेले. ते खासगी मालवाहू गाडीत होते. त्या जागी सुरुंगरोधक गाडी असती तर वाचले असते का, हे स्फोटकाच्या वजनावर ठरलं असतं, पण साध्या गाडीत वाचायला वावच नव्हता. ती बातमी मी आजही शांतपणे वाचू शकत नाही.

नव्या गाड्या बऱ्याच पुढे गेल्यात. आपल्या नगरच्या, म्हणजे अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने टाटांसोबत केलेली आठ चाकांची 'व्हॅप' पाण्यातही चालते, आणि सप्टेंबर २०२५मध्ये तिचा कारखाना मोरोक्कोत सुरू झाला. आठ चाकांतलं एखादं गेलं तरी गाडी रांगत का होईना बाहेर पडू शकते. सीटही आता फरशीवर न ठोकता छताला किंवा भिंतीला टांगतात, म्हणजे फरशी वर आली तरी धक्का मणक्यापर्यंत पोचत नाही.

भावाला चार गोष्टी मात्र आजच फोन करून सांगा. गाडीत बसला की बेल्ट लावायचाच, 'दोनच किलोमीटर जायचंय' असं असलं तरी, कारण बेल्ट नसला की डोकं छताला आदळतं. हेल्मेट काढायचं नाही. पाय ठेवायला वेगळी पट्टी असेल तर पाय तिच्यावर, फरशीवर नाही. आणि जॅक, पाण्याचा कॅन, दारूगोळ्याची पेटी, जे काही आत असेल ते निघण्याआधी बांधलंय का, हे दुसऱ्यावर न सोडता स्वतः हाताने ओढून बघायचं.