१२९० म्हणजे नेमके किती?

"ताई, एसएटीला कमी पडलेत. स्कोअर पाठवायचा की झाकून ठेवायचा?" शाळा उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोवर न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून ही विचारणा सुरू होते. एसएटी म्हणजे अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिचा स्कोअर पाठवणं काही कॉलेजांत ऐच्छिक असतं. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडायला आलेले आईबाप मला गाठतातच. विचारणारे दोन तऱ्हांचे. एकांच्या मुलीला १५१० असतात आणि त्यांना १५५० हवे असतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे फारसा वेळ नसतो, खरं सांगायचं तर मी तो काढत नाही. दुसऱ्यांचा प्रश्न खालच्या आवाजात येतो आणि त्याला शेपूट असतं: ही परीक्षा आमच्यासारख्यांसाठी आहे तरी का?

ओंकार (नाव बदललं आहे) या दुसऱ्या प्रकारच्या घरातला. कुटुंब मिरजेकडचं. काकाने भावासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज तपापेक्षा जास्त काळ रांगेत पडून होता, मग ही चौघं आली. बाबा रूट वनवरच्या एका गॅस स्टेशनवर कामाला. न्यू जर्सीत गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ही नोकरी इथे अजून टिकून आहे. आई एका गोदामात पॅकिंगला. मुलगा वर्गात पहिल्या पाचांत, आणि एसएटीत १६०० पैकी १२९०.

२०२४ च्या सप्टेंबरात आईला घेऊन बापलेक माझ्यासमोर बसले ते भांडूनच आले होते. बाबांचं म्हणणं, "आकड्याला जात नसते, मॅडम. आमच्याकडं लातूर पॅटर्नमधनं शेतकऱ्याची पोरं डॉक्टर झाली. हा कमी पडला, एवढं मान्य करायचं आणि गप बसायचं." ओंकारचं म्हणणं, टेस्ट श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी काढलीय, तर स्कोअर पाठवायचाच कशाला? ओंकारची तक्रार खरी होती. तिच्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र त्याच्याच मुळावर येणारा होता.

आधी बाबांशी बोलले. त्यांच्या पंपापासून प्रिन्स्टन फार लांब नाही. एसएटी ज्याने घडवली तो कार्ल ब्रिगम तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्राचा प्राध्यापक होता. पहिली एसएटी १९२६ साली झाली. त्याआधी तीन वर्षं याच गृहस्थाने लष्करातल्या बुद्धिमापन चाचण्यांचे आकडे घेऊन पुस्तक लिहिलं होतं: उत्तर युरोपातले गोरे सर्वांत बुद्धिमान, दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे त्यांच्या खाली, काळे सर्वांच्या खाली. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले, पण परीक्षा तोवर मार्गी लागली होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आकड्याला जात असतीय की."

आजच्या पेपरात असलं काही उघड सापडत नाही. प्रश्न तपासून, गटागटांवर पडताळून घेतात. आजचा पक्षपात पेपरच्या अलीकडे बसलेला असतो. हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना १३०० किंवा वर मिळण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या १३ पट असते. ओंकार त्या रेघेच्या दहा गुण खाली होता, एकही क्लास न लावता.

बिनक्लासाची किंमत काय असते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. परीक्षेचं ॲप, ब्लूबुक, फुकट आहे आणि त्यात सराव चाचण्याही आहेत. त्याला माझ्यासमोर गणित सोडवायला बसवलं. एक पॅराबोला, एक सरळ रेघ, दोन्ही कुठे छेदतात ते सांगा. ओंकारने कागद ओढला, समीकरणं एकत्र केली, सूत्र घातलं, सुबक अक्षरात उत्तर काढलं. उत्तर बरोबर. वेळ तीन मिनिटांच्या पुढे. पहिल्या भागात ३५ मिनिटांत २२ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. मी म्हटलं, आता स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर उघड. ॲपमध्येच डेस्मॉस आहे. दोन्ही समीकरणं तशीच टाईप केली की आलेख उमटतो, छेदबिंदूवर टिचकी मारली की उत्तर. वीस सेकंद. ओंकार स्क्रीनकडे बघत राहिला. "हे चालतं?" चालतं. क्लासवाल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्याच्या शाळेत त्या वर्षी गणिताचे शिक्षक दोनदा बदलले होते, कोण सांगणार?

आणि इथे वेळ गेला की नुकसान तेवढ्यापुरतं राहत नाही. मार्च २०२४ पासून अमेरिकेत परीक्षा पूर्ण डिजिटल झाली. पहिला भाग कसा जातो त्यावरून दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपा आला तर सगळं बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत.

पुन्हा बसायचं तर ६८ डॉलर भरायचे. पहिल्या खेपेचे त्याने स्वतःच्या कमाईतून भरले होते. इथे गाडी अडली ती एका फॉर्मवर. शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळण्यासाठी घराचं उत्पन्न लिहून द्यावं लागतं. त्या वर्षी चौघांच्या घराला फेडरल मर्यादा ५७,७२० डॉलर होती आणि हे कुटुंब तिच्या बरंच खाली होतं. तो फॉर्म भरलेला असला की एसएटी दोनदा फुकट, स्कोअर कॉलेजांना पाठवणं फुकट, आणि बऱ्याच कॉलेजांची अर्ज फीसुद्धा माफ. बाबांनी फॉर्म दरवर्षी कोरा परत पाठवला होता. "आम्ही फुकटचं खात नाही." मी सांगितलं, फॉर्म भरला म्हणून थाळी घ्यावीच लागते असं नाही, डबा घरचाच न्या. वर्गात कुणाला कळतही नाही. आईने तिथल्या तिथे पेन मागितलं. ओंकारच्या शाळेच्या काउन्सेलरच्या माथी चारशेच्या आसपास मुलं आहेत. शाळांतल्या काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस २५० ला एकाची. तिला या घरापर्यंत पोचायला सवड नव्हती, यात नवल नाही.

बाबांची आणखी एक भीती होती, "एशियनला जास्त मार्क लागतात म्हणे." ही अर्धवट ऐकलेली गोष्ट घराघरात फिरते. जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रवेशात अर्जातल्या वंशाच्या चौकटीला वजन देता येत नाही. मुलाने स्वतःच्या आयुष्याविषयी निबंधात लिहिलं तर ते मात्र वाचता येतं. त्रास वेगळाच आहे. २०२३ मध्ये एशियन मुलांची एसएटीची सरासरी १२१९ होती, देशाची १०२८, काळ्या मुलांची ९०८. त्या १२१९ मध्ये इथल्या एडिसन गावातल्या आयटीवाल्यांची मुलंही आली आणि पंपावरच्या माणसाचा मुलगाही. या सरासरीमुळे ओंकारसारखा मुलगा कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही, आपल्या लोकांच्याही.

म्हणूनच स्कोअर झाकू नको, असं मी त्याला सांगितलं. कॉलेज नुसता आकडा वाचत नाही. अर्जासोबत शाळेची माहिती जाते: कोणते विषय शिकवतात, मुलं कशी आहेत, साधारण स्कोअर किती. हजारही सरासरी नसलेल्या शाळेतून आलेले १३५० आणि महागड्या शाळेतून आलेले १३५० एकाच नजरेने पाहत नाहीत. आयव्ही लीग या जुन्या, नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातल्या डार्टमथने फेब्रुवारी २०२४ मध्ये एसएटीची सक्ती परत आणली, तेव्हा त्यांच्या समितीने हेच दाखवलं होतं: १४०० च्या घरातले स्कोअर असलेली, साधनं कमी असलेली शेकडो मुलं स्कोअर पाठवतच नव्हती, आणि पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता. त्या कॉलेजांच्या प्रेमात पडून मी हे सांगत नाही. चेट्टींच्याच अभ्यासात हेही आलं की आयव्ही लीगसारख्या ठिकाणी सारखाच स्कोअर असूनही अतिश्रीमंतांची मुलं मध्यमवर्गीयांच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. परीक्षा काढून टाकली तरी निबंध, शिफारशी, घोडेस्वारी आणि तलवारबाजी उरतेच, आणि ती तर पंपावरच्या पगारात अजिबात येत नाही.

प्रत्येकाला हाच सल्ला देत नाही. माझ्या शाळेतल्या एका डोमिनिकन घरातल्या मुलीला ९८० होते, इंग्रजी घरात कुणी बोलत नाही, वर्गातले ग्रेड उत्तम. तिची यादी स्कोअर ऐच्छिक असलेल्या कॉलेजांची होती. आम्ही पाठवला नाही, आणि ते बरोबरच केलं.

ओंकार नोव्हेंबरात पुन्हा बसला. खान अकॅडमीचा फुकट सराव, ब्लूबुक, डेस्मॉस, एवढ्यावर १३८०. रट्गर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचा अर्ज भरताना ईओएफची, म्हणजे एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी फंडाची, चौकट भरायला लावली. न्यूअर्कमधल्या १९६७ च्या दंगलीनंतर, १९६८ मध्ये या राज्याने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी हा निधी सुरू केला. पैशांबरोबर शिकवणी आणि स्वतंत्र काउन्सेलर मिळतो. तिथे इंजिनिअरिंगला ईओएफसह प्रवेश झाला. एका मोठ्या खासगी विद्यापीठाने वेटलिस्टवर ठेवलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. स्कोअरमुळे किती आणि बाकी कशामुळे किती, हे मला सांगता येणार नाही.

निकालाचे पेढे घेऊन आई आली तेव्हा धाकटीचा विषय निघाला. ती सातवीत. "हिला आत्तापासून क्लास लावू का?" मी म्हटलं, क्लास राहू द्या. पुढच्या वर्षी आठवीत तिला अल्जिब्रा मिळतोय का ते शाळेत जाऊन विचारा. तो आठवीत झाला तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता येतं, नाहीतर पुढची चार वर्षं ती मागेच राहते. नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागा, आणि जाताना ओंकारला सोबत न्या.