वाचकांचे प्रश्न : गाण्यांसाठी कोरी सीडी कोणती घ्यावी?

प्रश्न : वडिलांनी गायलेले अभंग कॅसेटवर होते. २००९ साली मी ते संगणकावर उतरवून त्यांच्या दहा सीडी केल्या. त्यांपैकी चार सीडी आता शेवटच्या दोन-तीन अभंगांपाशी अडखळतात. सुरुवातीचे अभंग मात्र स्वच्छ वाजतात. मूळ फाइली सुदैवाने हार्ड डिस्कवर आहेत. आईला सीडी प्लेअरचीच सवय असल्याने नवा संच करायचा आहे. कोऱ्या सीडी घेताना काय पाहावे आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या कशा टिकवाव्यात?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शेवटचेच अभंग अडखळतात, हे आपण आवर्जून कळवले ते फार बरे झाले. ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट सीडी मध्याकडून कडेकडे लिहिली आणि वाचली जाते. म्हणजे आपल्या सीडींचा बिघाड बाहेरच्या कडेला आहे. कोऱ्या सीडीत ज्या रंगद्रव्यावर लेसर खुणा उमटवतो, त्याचा थर कारखान्यात तबकडी गरगर फिरवून पसरवलेला असतो. निकृष्ट मालात तो कडेपाशी असमान राहतो, आपली बोटेही तिथेच लागतात, आणि लाखेचा लेप कडेला नीट बसलेला नसेल तर दमट हवा तिथूनच आत शिरून चांदीचा परावर्तक थर काळवंडवते. म्हणून नव्या संचात ८० मिनिटांची सीडी काठोकाठ न भरता ६५-७० मिनिटांवर थांबावे. दहाच्या अकरा-बारा सीडी झाल्या तर बिघडले काय?

आता खरेदीविषयी. डब्यावरचे नाव हे बहुतेक वेळा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नसते. एकाच नावाच्या दोन डब्यांतला माल दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेला असू शकतो. सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी कोरी सीडी, ज्या जपानी कंपनीने १९८८ साली विकसित केली, त्या तायो युडेनने २०१५ अखेर हा व्यवसाय थांबवला. कोऱ्या सीडी बनवणारी आपल्याकडची मोझर बेअर २०१८ साली अवसायनात गेली. व्हर्बॅटिमचा व्यवसायही २०१९ पासून तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे आहे. त्यामुळे ‘अमुक कंपनीचीच घ्या’ हा पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज तसाच्या तसा उपयोगी पडत नाही. प्रत्येक कोऱ्या सीडीवर निर्मात्याचा संकेत आधीच कोरलेला असतो आणि बर्न करण्याच्या, म्हणजे सीडी लिहिण्याच्या, बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. तेव्हा आधी दहाचाच डबा घ्यावा, संकेत पाहावा, एक सीडी करून तपासावी आणि मगच मोठा डबा आणावा.

रंगद्रव्यांचे मुख्य प्रकार तीन : सायनिन, थॅलोसायनिन आणि एझो. त्यांपैकी सायनिन उजेडाला सर्वांत हळवे आहे. गडद निळी एझो किंवा फिकट, जवळजवळ रंगहीन दिसणारी थॅलोसायनिन, यांपैकी जी चांगल्या कारखान्याची मिळेल ती घ्यावी. सोन्याचा परावर्तक थर गंजत नाही, हे खरे. पण नुसता सोनेरी रंग दिलेली सीडी म्हणजे सोन्याचा थर नव्हे. दुकानातला माल किती जुना आहे हेही विचारावे, कारण न लिहिलेली सीडीही म्हातारी होते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत कोऱ्या सीडीचे आयुष्य सावध अंदाजाने ५ ते १० वर्षे धरले आहे. महात्मा गांधी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात माळ्यावरून धूळ झटकून काढलेला डबा स्वस्त मिळाला, तरी मी तो वडिलांच्या अभंगांसाठी वापरणार नाही.

बर्न करताना सर्वांत कमी वेग निवडावा, असा एक समज रूढ आहे. आजच्या सीडींचे रंगद्रव्य जलद लेखनासाठी घडवलेले असल्याने फार हळू लिहिल्यास उलट चुका वाढू शकतात; ५२एक्स (वाजवण्याच्या वेगाच्या ५२ पट) असे छापलेल्या सीडीला १६ ते २४एक्स हा वेग साधारणपणे मानवतो. फाइली वेव्ह किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजात काटछाट न करणाऱ्या प्रकारच्या, असाव्यात. एमपी३ वरून केलेली ऑडिओ सीडी एमपी३ पेक्षा सरस वाजत नाही. ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी सीडी न थांबता एका दमात लिहिणे) हा पर्याय निवडावा. मग तीच सीडी, शक्य तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, पुन्हा संगणकावर उतरवून पाहावी आणि शेवटचा अभंग कान देऊन ऐकावा. ज्यांच्या ड्राइव्हला चुका मोजता येतात त्यांनी सी-२ चुका (पहिल्या फेरीत दुरुस्त न होणाऱ्या, अधिक गंभीर वाचनचुका) शून्य आहेत ना, एवढे नक्की पाहावे.

जपणुकीत एक उलटी सवय सगळीकडे दिसते. चकचकीत बाजूला ओरखडा नको म्हणून आपण सीडी नावाच्या बाजूवर पालथी ठेवतो. वस्तुतः १.२ मिलिमीटर जाडीचे जवळजवळ सगळे पॉलिकार्बोनेट चकचकीत बाजूला असते. नावाच्या बाजूला रंगद्रव्य आणि चांदी यांच्यावर लाखेचा अगदी पातळ लेप काय तो असतो. म्हणून बॉलपेन आणि चिकटवायचे लेबल दोन्ही टाळून, मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक लिहावा आणि तपशील वहीत ठेवावा. सीडी कडक डबीत, उभी, अंधाऱ्या कपाटात असावी. वर सांगितलेली मार्गदर्शिका ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवते. नाशिकच्या घरात ते वर्षभर साधणार नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर नाहीच. तरी बाहेरच्या भिंतीला न टेकणारे कपाट, घट्ट झाकणाचा डबा आणि अधूनमधून बदललेल्या सिलिका जेलच्या पुड्या यांनी बराच फरक पडतो. प्रत्येक सीडीच्या दोन प्रती कराव्यात, एक आईच्या रोजच्या ऐकण्याची आणि एक कपाटातली. हार्ड डिस्कवरच्या फाइलींचीही दुसऱ्या हार्ड डिस्कवर नक्कल असू द्यावी.

प्रश्न : ‘म्युझिक’ असे छापलेली कोरी सीडी गाण्यांसाठी अधिक चांगली असते का? आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू वापरावी का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोन्हींना उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘म्युझिक’ सीडी घरगुती ऑडिओ रेकॉर्डरसाठी असते. संगणकाला ती लागत नाही आणि आवाजातही फरक पडत नाही. सीडी-आरडब्ल्यूवरून लेसरचा प्रकाश फार कमी परततो, त्यामुळे अनेक जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत.

प्रश्न : माझ्याकडच्या अडखळणाऱ्या सीडीची दुसरी प्रत कुठेही नाही. ती वाचवता येईल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ती प्लेअरवर पुन्हा पुन्हा वाजवून पाहू नये. मऊ, स्वच्छ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नव्हे. मग संगणकावर कमी वेगाने उतरवून घ्यावी. एका ड्राइव्हने न वाचलेली सीडी दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो, म्हणून ओळखीच्या दोन-तीन घरांतले जुने ड्राइव्ह वापरून पाहावेत. सीडी उजेडासमोर धरल्यावर नावाच्या बाजूच्या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर तेवढा भाग परत मिळणार नाही. उरलेली गाणी मात्र त्याच दिवशी उतरवून घ्यावीत.