टाकी मोठी हवी की उंच?

प्रश्न : आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी आहे. तळमजल्यावरील नळाला पाणी जोरात येते, पण वरच्या मजल्यावरचा शॉवर रडतखडत चालतो. 'दोन हजार लिटरची टाकी बसवा, प्रेशर वाढेल,' असे प्लंबर म्हणतात. ते खरे आहे का? हे प्रेशर मोजायचे कसे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून साठा वाढवायचा असेल, तर मोठी टाकी जरूर घ्यावी, प्रेशरसाठी मात्र हा खर्च करू नये. स्थिर पाण्याचा दाब पाणी किती लिटर आहे यावर नव्हे, तर पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतच्या उभ्या उंचीवर ठरतो, हे फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्येच दाखवून दिले होते. घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे दाब. टाकीतील पातळी शॉवरच्या दीड मीटर वर असेल, तर १००० × ९.८ × १.५ म्हणजे १४,७०० पास्कल (दाबाचे एकक) होतात. अक्कलकोट रोडवरच्या डाइंगवाल्यांच्या बोलीत हे जेमतेम ०.१५ 'किलो' झाले. त्यांचा किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार, आणि तो साधारण दहा मीटर पाण्याने पडतो. तळमजल्याचा नळ पातळीच्या सहा मीटर खाली असल्याने तिथे ०.६ किलो मिळतो.

दोन हजार लिटरची टाकी मुख्यतः रुंदीला वाढते, उंचीला फार तर वीत-दीड वीत. म्हणजे शॉवरला ०.०३ किलोच्या आसपासच भर पडेल. सध्याचीच टाकी दोन मीटर उंच स्टँडवर चढवली, तर ०.२ किलो वाढेल. भरलेल्या टाकीत एक टन पाणी असते, त्यामुळे स्लॅब अभियंत्याला आधी दाखवावा.

त्याहीआधी शॉवर काढून तिथे प्रेशर गेज लावावा आणि त्याच पाइपवरचा शेजारचा नळ उघडून पाहावा. नळ बंद असताना काटा हिशेबाइतका दाब दाखवतो आणि उघडताच शून्याकडे कोसळतो, असे झाले तर दोष उंचीचा नसून पाइपचा आहे. पाइप अरुंद असेल, व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल, किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार आत चढले असतील. काढलेल्या शॉवरची भोकेही तेव्हाच उजेडात धरून पाहावीत. पुष्कळदा निम्मी बुजलेली निघतात.