म्हशींना दगडी पुन्हा पुन्हा होते? इंजेक्शन बदलण्याआधी गोठा तपासा

नमस्कार. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. गोरेगावातला जुना तबेला, 18 मुऱ्हा म्हशी, पावसाळा लागल्यापासून पाचजणींना दगडी, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज (मॅस्टायटिस). सडात ट्यूब सोडली की आठवड्यात सूज उतरते, पण महिन्याभरात त्याच म्हशीला नाहीतर तिच्या शेजारणीला पुन्हा होते. तीन अँटिबायोटिक बदलून झाली, आता चौथं कोणतं?

चौथं कोणतंच नको. निदान दुधाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तरी नको. एका म्हशीला एकदा दगडी झाली तर तो त्या म्हशीचा आजार. एकाच रांगेत पाचजणींना आलटून पालटून होते तेव्हा रोग जमिनीत, धार काढणाऱ्याच्या हातात आणि कास पुसायच्या फडक्यात असतो. ट्यूब सडातले जंतू मारते, पण संध्याकाळच्या धारेला तेच जंतू पुन्हा आत जातात.

आधी किती म्हशी बाधित आहेत ते शोधा. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच आहेत, पण सूज नाही, गाठी नाहीत आणि तरी सडात जंतू आहेत अशा आणखी निघतील. याला सुप्त दगडी म्हणतात आणि खरा प्रसार तिथून होतो. तपासणीसाठी सीएमटीचं (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) किट मिळतं. नसेल तर कपडे धुण्याच्या साध्या पावडरचं 3 टक्के द्रावण चालतं, म्हणजे 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग चार वेगळ्या वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्या. तेवढंच द्रावण घालून मिनिटभर गोल हलवा. दूध पातळ राहिलं तर सड ठीक आहे. शेंबडासारखं दाटलं, वाटी तिरकी केल्यावर गोळा होऊन सरकलं, तर त्या सडात रोग आहे. सगळ्या म्हशींचे सगळे सड एकाच दिवशी तपासा आणि वहीत म्हशीच्या नावापुढे सड लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा असं. ही वही औषधाच्या बिलापेक्षा महत्त्वाची आहे. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध पहिले काही दिवस आणि अगदी आटत आलेल्या म्हशीचं दूध निरोगी असूनही दाटू शकतं, त्यांचा निकाल तेवढा सावधपणे घ्या.

मग नमुना. दाट निघालेल्या सडांपैकी तीन-चार निवडा. सडाचं टोक 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासून पुसा. बोळा काळा येत असेल तर दुसरा घ्या, स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या धारा टाकून द्या. निर्जंतुक बाटली तिरकी धरून 5 ते 10 मिली दूध घ्या, म्हणजे अंगावरचा केस किंवा धूळ आत पडत नाही. झाकण जमिनीवर ठेवू नका. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 सालापासूनचं, तिथे चौकशी करा. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं, दोन्ही तपासून मागा. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा असतो. ट्यूब सोडल्यावर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट कोरा येतो.

रिपोर्टवरून पुढची दिशा ठरते. स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला तर तो सडातून सडात, हातांवरून आणि फडक्यांवरून जातो. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला निघाला तर तो शेण, चिखल आणि ओल्या भुशातून येतो. तोवर दोन्हीकडे काम सुरू करा, कारण दोन्ही गोष्टी तबेल्यात सहसा एकत्रच असतात.

धारेपासून सुरू करा. तबेल्यात सर्रास दिसतं ते असं: बादलीभर पाणी, एक फडकं, त्याच फडक्याने पूर्ण रांगेच्या कासा पुसायच्या. पाण्यात लाल औषध टाकलेलं असतं, त्यामुळे सगळे निश्चिंत. पण पोटॅशियम परमँगनेट शेणाशी मिसळलं की संपतं. गुलाबी पाणी तपकिरी झालं म्हणजे औषध गेलं, उरलं ते शेणाचं पाणी. त्याऐवजी फक्त सड धुवा, पूर्ण कास नको. कासेवरून ओघळणारं घाण पाणी सडाच्या टोकाशीच येऊन थांबतं. प्रत्येक म्हशीला वेगळं, कोरडं सुती फडकं घ्या. 18 म्हशींना दोन वेळची 36 फडकी, रोज उकळत्या पाण्यात. धोतराचे, जुन्या साड्यांचे तुकडे चालतील. खर्च नाही, फक्त शिस्त लागते.

दुसरी गोष्ट हात. अंगठा दुमडून त्याच्या पेराने सड दाबत धार काढायची सवय मोडा. त्याने सडाच्या आतली नाजूक त्वचा चिरडते आणि जंतूंना बसायला जागा मिळते. पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट मिटत पिळायचं. बोटं दुधात बुडवून ओली करणं बंद. म्हशीच्या सडाचं तोंड गाईपेक्षा घट्ट असतं, त्यामुळे गडी जोर लावतो. जोर लागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा पान्हा अजून उतरलेला नाही.

क्रम ठरवा: आधी पहिलारू आणि निरोगी, मग सुप्त निघालेल्या, शेवटी औषध चालू असलेल्या. दोन म्हशींच्या मध्ये हात साबणाने धुवून पुसायचे. आजारी सडाचं दूध जमिनीवर पिळायचं नाही, फिनेल घातलेल्या डब्यात. हे एक पाळलं तरी फरक पडतो.

धार संपल्याबरोबर सड औषधात बुडवा. 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन 85 मिली आणि ग्लिसरीन 15 मिली. छोट्या कपात सड निम्म्याहून जास्त बुडला पाहिजे. फवारा मारला तर एक बाजू कोरडी राहते. कपात शेण पडलं की द्रावण फेकून नवं घ्या. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, आणि नेमकी त्याच वेळी म्हैस दमून ओल्यात बसते. म्हणून खुराक धारेच्या वेळी आणि हिरवी वैरण धार झाल्यावर गव्हाणीत टाका. खात उभी राहील.

आता जमीन. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की धुतलेली फरशी दुपारपर्यंत सुकत नाही, आणि आपण दिवसातून तीनदा पाइप मारतो. स्वच्छ दिसतं, पण ओलं असतं. ओल मोजायची सोपी पद्धत: म्हैस जिथे मागचं अंग टेकते तिथे गुडघा टेकून अर्धा मिनिट बसा. कपडा भिजला तर ती जागा कासेसाठीही ओली आहे. पावसाळ्यात शेण आधी फावड्याने कोरडं ओढून काढा, पाणी दिवसातून एकदाच, आणि नंतर वायपरने निथळून पंखा लावा. उतार तपासा. साडेपाच फूट लांबीच्या जागेला मागच्या बाजूला सव्वा ते दीड इंच उतार हवा. जुन्या तबेल्यांत लादी मधोमध खचलेली असते आणि तिथेच मुताचं डबकं साचतं. 18 खुंट्यांपैकी खचलेल्या जागा किती आणि दगडी झालेल्या पाचजणी नेमक्या कुठे बांधलेल्या आहेत, हे एका कागदावर काढून बघा. जुळलं तर गवंडी आधी बोलवा.

वखारीतला लाकडाचा भुसा अंथरत असाल तर तो पूर्ण कोरडाच हवा. ओल्या भुशात क्लेब्सिएला भरपूर वाढतो. रबरी मॅट चांगली, गुडघे आणि खूर वाचतात, पण आठवड्यातून एकदा उचलून खालून धुतली नाही तर खाली कुजलेल्या शेणाचा थर बसतो आणि म्हैस त्याच्यावर रात्रभर बसते.

पान्ह्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मूळ इथेही आहे. म्हशीच्या कासेत आयतं साठलेलं दूध फार थोडं असतं, जवळजवळ सगळं वर पेशींत असतं. पान्हा सुटायला दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. पारडू दगावलेलं असेल तर आणखी उशीर. मग रोज ऑक्सिटोसिन टोचलं जातं, बऱ्याचदा एकाच सुईने सगळ्या म्हशींना. दूध काढण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी म्हैस त्याच्याशिवाय पान्हाच सोडेनाशी होते, आणि रोज दोनदा टोचून घेणाऱ्या जनावराला गडी जवळ आला की धास्ती बसते. घाबरलेली म्हैस पान्हा चोरते. दूध आत राहतं, आणि राहिलेल्या दुधात जंतू वाढतात. सवय मोडायला दोन-तीन आठवडे द्या. तीच वेळ, तोच माणूस, समोर आंबोण, कासेला दोन मिनिटं हाताने चोळणं. पहिल्या आठवड्यात दूध घटेल, हे गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवा.

आणि पारडं जगवा. व्याल्यावर दोन तासांच्या आत चीक, पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 30 किलोच्या पारडाला 3 लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. नाळेला टिंक्चर आयोडीन. दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान गोलजंताचं औषध डॉक्टरांकडून. हे जंत आईच्या चिकातून आणि दुधातूनच पोटात जातात, म्हणून गोठा कितीही स्वच्छ असला तरी पारडं मरतात आणि लोक हवेला दोष देतात.

सुप्त निघालेल्या म्हशींना अँटिबायोटिकची घाई नको. ट्रायसोडियम सायट्रेट रोज 10 ग्रॅम खुराकातून, 10 दिवस. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) याचा बराच प्रसार केला आहे. मग पुन्हा वाटी-चाचणी. सुजलेल्या कासेवर कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि खायचा चुना 15 ग्रॅम वाटून केलेला लेप दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावतात. तोही एनडीडीबीच्या शिफारशीतला आहे. प्रत्येक वेळी आधीचा लेप धुवून, कास पुसून नवा लावायचा. पण ताप 103 फॅरनहाइटच्या पुढे, म्हैस खात नाही, किंवा सड गार पडून निळसर झालाय, तर लेप लावत बसू नका, तासाभरात डॉक्टर. दगडी अतिशय दुखते. वेदनेसाठी मेलॉक्झिकॅम द्यायला डॉक्टरांना सांगा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली. औषधाच्या काळातलं आणि लेबलवर लिहिलेली मुदत संपेपर्यंतचं दूध, चारही सडांचं, विकायचं नाही. ट्यूब एका सडात सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या तिघांत उतरतं.

एक वेगळी शक्यता लक्षात ठेवा. एखादीचं दूध एकाएकी आटलं, चारही सडांतून पिवळट किंवा लालसर यायला लागलं, ताप आहे, पण कास मऊ आहे, गाठ नाही, तर ती दगडी नसून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) असू शकतो. त्याच सुमारास कोणी म्हैस गाभडली असेल तर संशय आणखी वाढतो. तबेल्यात घुशी आणि उंदीर आहेत, पाणी तुंबतं, हे सगळं लेप्टोला पोषक आहे. रक्ताची तपासणी करून घ्या. गड्यांना गमबूट द्या, पायाला चीर असेल तर त्या दिवशी गटार साफ करायला लावू नका, आणि ताप आला तर तबेल्यात काम करतो हे महापालिकेच्या दवाखान्यात आवर्जून सांगायला लावा. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली होती.

लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी झाल्या असतील असं धरून चालतो. घटसर्पाची मेअखेरपर्यंत हवी होती. राहिली असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

पुढच्या हंगामासाठी: व्यायच्या दोन महिने आधी म्हैस आटवा आणि शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवणीची (आटलेल्या काळासाठीच्या अँटिबायोटिकची) ट्यूब सोडून घ्या. चिवट स्टॅफिलोकोकस मरण्याची सर्वात जास्त शक्यता या काळात असते, दुधात असताना दिलेल्या औषधापेक्षा खूपच जास्त. आटलेली म्हैस विकून नवी आणायची तबेल्याची पद्धत असेल, तर नवी म्हैस रांगेत बांधण्याआधी चारही सडांची वाटी-चाचणी करा. सौदा करतानाच करा, विकणारा नाही म्हणाला तर ती म्हैस सोडून द्या.

एकच सड तीनदा बिघडला आणि आत दगडासारखी गाठ बसली, तर तो सड बहुधा परत येत नाही. डॉक्टरांकडून तो कायमचा आटवून घ्या. सड बंद करायला घरच्या घरी काही आत सोडू नका, म्हशीला भयंकर आग होते. तीन सडांवर म्हैस व्यवस्थित दूध देते. वाटीचे निकाल आणि खुंट्यांचा कागद इथे टाका, रिपोर्ट आला की औषधाबद्दल बोलू.