स्थलांतरित पक्षी तळ्यावर नेमके केव्हा येतात?

समुद्रालगतच्या तळ्यावर एक रविवार सोडून एक असे तीनदा पहाटे जाऊनही चार-दोन पक्ष्यांपलीकडे काही दिसले नाही, जे दिसले ते सगळे सारखेच करडे वाटले, तेव्हा आता मोठा टेलिस्कोप घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तूर्त घेऊ नये, कारण चुकली आहे ती वेळ.

चिखलात खाणाऱ्या या किनारी पक्ष्यांची दिनचर्या भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर ते दूरवर पांगून खात असतात आणि भरतीचे पाणी चिखल झाकू लागले की थव्याथव्याने विसाव्यासाठी तळ्याकडे येतात. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. म्हणून दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर पंधरवड्याने त्याच घटकेला पुन्हा जवळजवळ तीच स्थिती असते, आणि बहुधा म्हणूनच आपल्याला तिन्ही वेळा ओहोटीच मिळाली. भरतीचे वेळापत्रक पाहून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने काठावर बसावे. तळे तुडुंब असेल तर मात्र लहान पक्ष्यांची आशा धरू नये. छोट्या टिलव्याची नडगी जेमतेम 2 सेंटिमीटरची, त्याला उथळ कडाच लागते.

ओळख पटवताना रंग बाजूला ठेवून आधी खाण्याची रीत पाहावी. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे, कारण तो भक्ष्य नजरेने शोधतो. तुतवार आणि टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात घालत राहतात. एकदा कर्ल्यू सँडपायपर या तुतवाराच्या एका जातीचे पिल्लू माझ्यापासून सात-आठ पावलांवर येऊन खाऊ लागले. चोच डोळ्यांपर्यंत रुतवून ते क्षणभर स्तब्ध झाले, मग एक लांब किडा ताणत हळूहळू बाहेर काढला, पाण्यात खळबळून घेतला आणि गिळला. या कुळातील पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची सूक्ष्म जाण असते आणि अनेकांना चोच न उघडता फक्त वरचे टोक उचलता येते, हे तेव्हा मला खऱ्या अर्थाने उमगले. ते पिल्लू होते हे पाठीवरच्या खवल्यांसारख्या, फिकट कडांच्या ताज्या पिसांवरून कळले. आर्क्टिकमधून प्रौढ पक्षी आधी निघतात, विणीच्या हंगामातील विटकरी रंगाचे तुकडे अंगावर घेऊनच पोहोचतात. पिल्ले मागाहून, आईबापांशिवाय, वाट कुणी न दाखवता येतात.

एक कळकळीची विनंती आहे. छायाचित्रासाठी मी पूर्वी एक थवा उडवला होता, त्याची खंत आजही आहे. 2022 मध्ये बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याच्या जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लाने अलास्कापासून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटरचे अंतर 11 दिवसांत कुठेही न उतरता कापले, ते अंगात साठवलेल्या चरबीच्या बळावर. आपण उगाच उडवलेला प्रत्येक थवा हीच शिदोरी खर्च करतो. विसावलेल्या पक्ष्यांनी माना उंचावल्या किंवा खाणारे थांबून चालू लागले, तर आपण फार जवळ आलो असे समजून सावकाश मागे सरावे. आधीच येऊन गप्प बसलेल्या माणसाजवळ ते बहुधा स्वतःहून येतात. एखाद्या पक्ष्याच्या पायावर अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर ती कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, आणि रंगांचा क्रम कसा, हे तिथल्या तिथे लिहून घ्यावे.