पैसे भलत्याच खात्यात गेले, आणि पुरवठादार पुन्हा मागतोय

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं मशीन शॉप आहे, प्रोप्रायटरशिप. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीकडून आम्ही कास्टिंग घेतो. गेल्या महिन्यात त्यांच्या नेहमीच्या मेलच्या साखळीतच उत्तर आलं : 'आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या नव्या खात्यावर पैसे भरा.' सोबत लेटरहेड, आमचा पर्चेस ऑर्डर नंबर, सगळं बरोबर. आमच्या अकाउंटंट ताईंनी ८,६०,००० रुपये आरटीजीएस केले. ११ दिवसांनी फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला की पैसे मिळाले नाहीत. त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला कळवलं, सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार केली. बँक म्हणते, २,३५,००० रुपये कुठल्या तरी पुढच्या खात्यात होल्ड आहेत, बाकी निघून गेले, आणि आमची जबाबदारी नाही. पोलीस म्हणतात, ऑनलाइन तक्रार पुरे. फाउंड्रीने माल थांबवलाय आणि एमएसएमई परिषदेत (लघुउद्योगांच्या थकबाकीचे दावे ऐकणारी सरकारी परिषद) जाण्याची नोटीस दिलीय. कॉम्प्युटरवाला मशीन फॉरमॅट करा म्हणतो. पैसे दोनदा द्यायचे का? आणि अकाउंटंटच्या पगारातून काही कापता येईल का?

उत्तर : आधी कॉम्प्युटरवाल्याला थांबवा. ते मशीन फॉरमॅट झालं तर 'मेल नेमका कोणाकडून फुटला' हे सिद्ध करण्याचं तुमचं निम्मं साधन गेलं, आणि पैसे दोनदा द्यायचे का याचं उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहे. जुनी हार्ड डिस्क काढून सही केलेल्या लिफाफ्यात सीलबंद ठेवा आणि नवी एसएसडी टाकून काम सुरू करा.

घाई मात्र होल्ड झालेल्या २,३५,००० रुपयांची आहे. होल्ड म्हणजे परतावा नव्हे. पोर्टलवरून सूचना गेली की बँक रक्कम रोखते, पण ती तुमच्याकडे परत वळवायला साधारणपणे न्यायालयाचा आदेश मागते. ठगांनी दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या अशा खात्यांत एकाच वेळी अनेक फसलेल्यांचे पैसे येतात, त्यामुळे त्याच शिलकीवर दुसऱ्याचाही दावा असू शकतो. म्हणून तुमच्या शाखेकडून लेखी पत्र घ्या : यूटीआर क्रमांक (व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक), रक्कम कोणत्या बँकेत कितव्या लेयरच्या (पैसे पुढे सरकवलेल्या साखळीतल्या कितव्या) खात्यात रोखली आहे, किती आणि कधीपासून. ते पत्र, खातेउतारा, १९३० ची पोचपावती, मूळ जीएसटी इन्व्हॉइस आणि तो बनावट मेल जोडून ठाण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज करा. न्यायालय तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं आणि बहुधा हमीपत्र लिहून घेऊन रक्कम सोडण्याचा आदेश देतं. हमीपत्र यासाठी, की उद्या दुसऱ्याचा हक्क सिद्ध झाला तर तुम्ही रक्कम परत भरायची.

गुन्हा नोंदलेला असला की हा अर्ज भक्कम होतो. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नाही, हे पोलिसांनाही माहीत आहे. वागळे इस्टेट पोलीस ठाण्यात किंवा ठाणे शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात लेखी फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेची ३१८(४) आणि ३१९(२), माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी, आणि मेलबॉक्समध्ये कोणी घुसल्याचं दिसलं तर ४३ सह ६६, ही कलमं फिर्यादीत लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या आणि आवक क्रमांक घ्या. नोंद झाली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. तिथेही काही हललं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उपायुक्तांची ही पायरी वगळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज परत येतात.

आता पुरावा. तो मेल कोणालाही फॉरवर्ड करून पाठवू नका, फॉरवर्ड केला की मूळ हेडर (मेल कुठून कसा आला याची लपलेली नोंद) जातात. तुमचा मेल जीमेल किंवा गूगल वर्कस्पेसवर असेल तर कॉम्प्युटरवर तो मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडा आणि 'डाउनलोड ओरिजिनल' करून ईएमएल फाइल जपा. त्याच पानावर वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागावरून) आला का हे पाहणाऱ्या तपासण्या, यांचे निकाल दिसतात. तिथे 'पास' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ठगाने फाउंड्रीच्या नावासारखाच दिसणारा डोमेन विकत घेतला असेल, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले असतील, तर त्याच्या स्वतःच्या डोमेनसाठी तिन्ही निकाल पास येतात. म्हणून पास कोणत्या डोमेनला मिळालाय ते अक्षर-अक्षर वाचा, आणि 'फ्रॉम'च्या जोडीला 'रिप्लाय-टू' व 'रिटर्न-पाथ' हेही तपासा.

मग स्वतःची मेलबॉक्स बघा. ठगाला तुमचा पर्चेस ऑर्डर नंबर आणि जुना पत्रव्यवहार माहीत होता, म्हणजे दोघांपैकी एकाच्या मेलमध्ये तो बसलेला होता. सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' उघडा. फाउंड्रीकडून येणारे खरे मेल परस्पर आर्काइव्हमध्ये किंवा कचऱ्यात टाकणारा एखादा फिल्टर, किंवा बाहेरच्या पत्त्यावर प्रत पाठवणारा नियम, हीच या टोळ्यांची नेहमीची खूण. असं काही सापडलं तर आधी तारखेसह फोटो घ्या, मगच काढा. वर्कस्पेस असेल तर ॲडमिन कन्सोलमधून लॉगिनची नोंद उतरवून घ्या. ती सहा महिनेच राहते, आणि तुमचा महिना गेलाय. हे सगळं झाल्यावर पासवर्ड बदला, सगळी सेशन्स बंद करा, जोडलेली अनोळखी ॲप्स काढा आणि टू-स्टेप चालू करा. क्रम उलटा करू नका.

न्यायालयात ही फाइल दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा) लिहायचा. ईएमएल फाइल उतरवली त्याच दिवशी तिचा एसएचए-२५६ हॅश काढून ठेवला की पुढे 'फाइल बदलली' असा आक्षेप टिकत नाही. अशी घुसखोरी तुम्हाला कळल्यापासून ६ तासांत तिची माहिती सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) द्यावी, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे आणि तो प्रोप्रायटरशिपलाही लागू धरला जातो. ती वेळ टळली असली तरी कळवा, उशिराची नोंदही कामी येते.

पैसे दोनदा द्यायचे का? सामान्य नियम तुमच्या विरोधात आहे. देणं फिटतं ते घेणेकऱ्याला किंवा त्याने नेमलेल्याला पैसे मिळाल्यावर. ठगाला दिलेले पैसे म्हणजे फाउंड्रीला दिलेले पैसे नव्हेत. मेल नकली डोमेनवरून आला असेल आणि घुसखोरी तुमच्या मेलमध्ये झालेली असेल, तर भांडण लांबवण्यात अर्थ नाही. देणं उभं आहे.

डोमेन नकली, पण शिरकाव फाउंड्रीच्या मेलमध्ये झाला होता असं दिसलं, तरीही कायद्याने देणं बहुतेक उभंच राहील. मात्र त्यांच्या हलगर्जीपणावर बोट ठेवून वाटाघाटीत तुम्हाला जोर येतो. तुमची बाजू खरी मजबूत होते ती मेल त्यांच्या अस्सल खात्यातूनच निघाला असेल तेव्हा. पैसे कसे द्यायचे हे घेणेकरी सांगेल तसं देता येतं, असं करार कायद्याचं कलम ५० म्हणतं. त्यांच्याच ताब्यातल्या मेलवरून आलेल्या सूचनेवर तुम्ही विसंबलात, असं तुम्ही म्हणू शकाल. त्यावर ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ११ दाखवतील : मेल ज्याने स्वतः किंवा त्याच्या अधिकाराने पाठवला त्याचाच तो धरला जातो, आणि हॅकरला आम्ही अधिकार दिला नव्हता. म्हणजे तिथेही निकालाची खात्री नाही. शिवाय खातं बदलल्याचा मेल आल्यावर तुम्ही एक फोन का केला नाही, हा प्रश्न प्रत्येक न्यायाधीश विचारणारच.

नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. फाउंड्रीचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) मागवा. ती सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर अशा उद्योगांना वेळेत पैसे मिळावेत म्हणून केलेला एमएसएमईडी कायदा लागतो (नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणीमुळे उशिराच्या पैशांचा हा हक्क मिळत नाही, पण फाउंड्री उत्पादकच असते). करारात काहीही लिहिलेलं असलं तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात, म्हणजे ८,६०,००० वर महिन्याला सुमारे बारा हजार. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. परिषद पुरवठादार जिथे आहे त्या भागातली असते, तेव्हा फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतील. आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा आहे. उत्तरात 'आम्ही पैसे दिले, विषय संपला' असं लिहू नका आणि 'चूक आमची' असंही लिहू नका. 'हक्क अबाधित ठेवून' असं स्पष्ट नमूद करून प्रस्ताव द्या : अर्धी रक्कम आत्ता, उरलेली चार-पाच हप्त्यांत, व्याज माफ, माल लगेच सुरू, आणि फाउंड्रीने स्वतःच्या मेलची लॉगिन नोंद तुम्हाला व पोलिसांना द्यावी. शिरकाव त्यांच्या बाजूने निघाला तर तोटा कसा वाटून घ्यायचा, तेही त्याच कागदावर लिहा. वर्षानुवर्षांचा व्यवहार असेल तर हा मार्ग दोघांनाही परवडतो.

बँकेबद्दल तुम्हाला कदाचित कोणी सांगेल की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली की ग्राहकाची जबाबदारी शून्य. जुलै २०१७ चं ते परिपत्रक ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. तुमच्याकडून आरटीजीएस तुमच्याच माणसाने केलं, त्यामुळे ते इथे चालत नाही. आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावरूनच जमा होतात, फॉर्मवर फाउंड्रीचं नाव बरोबर लिहिलं होतं म्हणून संरक्षण मिळत नाही. तुमच्या बँकेपेक्षा ज्या बँकेने ठगाचं खातं उघडलं तिच्यावर दावा जास्त टिकण्यासारखा असतो : केवायसी नीट केली का, नव्या खात्यात एकदम एवढी रक्कम येऊन लगेच निघाली तेव्हा काही केलं का. असा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली ऐकतात, पाच कोटींपर्यंत. २०१३ मध्ये महाराष्ट्रात अशाच अधिकाऱ्यांनी पुण्याच्या एका वाहनभाग उद्योजकाचे सुमारे ८० लाख गेले असताना बँकेने ४५ लाख द्यावेत असा आदेश दिला होता. त्याने फिशिंग मेलला उत्तर दिलं होतं म्हणून पूर्ण रक्कम धरली नाही. तुमच्याही बाबतीत अशीच वजावट होईल हे गृहीत धरूनच दाव्याचा खर्च ठरवा. यापेक्षा सोपी गोष्ट आधी करा : तुमच्या विमा पॉलिसीत सायबर किंवा फसवणुकीचं कलम आहे का पाहा आणि असेल तर आजच कळवा, कारण कळवण्याची मुदत कमी असते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : जीएसटी. इन्व्हॉइसच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे पोचले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह उलटवावं लागतं. ठगाला गेलेले ८,६०,००० 'पेमेंट' म्हणून धरता येत नाहीत. तुमच्या वहीत ते फाउंड्रीच्या खात्यातून काढून 'फसवणुकीपोटी येणं' असं वेगळं दाखवा. फाउंड्रीला पैसे दिले की उलटवलेलं क्रेडिट पुन्हा घेता येतं. हे सीएंशी या महिन्याच्या रिटर्नआधी बोला.

अकाउंटंट ताईंच्या पगाराला हात लावू नका. ज्या पैशाचा हिशेब कर्मचाऱ्याने द्यायचा असतो त्याचं नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच कपात करता येते, तीही त्यांना बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर आणि मर्यादेत. खातं बदलल्यावर फोन करून खात्री करायची, असा लेखी नियम तुमच्याकडे होता का? नसेल, तर निष्काळजीपणा सिद्ध करणं अवघड आहे. त्यातून त्या तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदार आहेत. त्यांना दुखावलंत, तर फिर्यादही लंगडी पडेल. त्यांच्याकडून घटनाक्रम तारीखवार लिहून घ्या, सही घ्या, प्रत त्यांनाही द्या.

तो नियम आता करा. नवं खातं आलं की मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा. आधी एक रुपया पाठवून तो पोचल्याचं त्याच फोनवर विचारायचं. बँकांना १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय मोफत द्यायची आहे, ती वापरूनच 'सबमिट' दाबायचं. आणि प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर ही ओळ छापा : 'पुरवठादाराच्या बँक खात्यातील बदल केवळ मालकांच्या सहीचं पत्र आणि कॅन्सल्ड चेक टपालाने मिळाल्यावर, व दूरध्वनीवर खात्री झाल्यावरच ग्राह्य धरला जाईल, ईमेलवरील सूचना ग्राह्य नाही.' फाउंड्रीशी तडजोडीच्या कागदावरही हीच ओळ घालून त्यांच्या मालकांची सही घ्या.